मोडका असेल तर मला द्या

जीवाश्म वेचणाऱ्या आमच्या टोळक्यात माझं नाव फारसं चांगलं नाही. बाकीचे लोक अख्खे, नीटस, दोन्ही झडपा घट्ट मिटलेले ब्रॅकिओपॉड शोधतात आणि मी त्यांच्या मागे राहून त्यांनी टाकलेलं उचलते. अर्धी झडप, घासून सपाट झालेलं प्रवाळ, कुणाच्या तरी बुटाखाली दुभंगलेलं कवच. एकाने तर मला तोंडावर ‘भंगारवाली’ म्हटलं. म्हणू दे बापडा. त्याच्या कपाटात ओळीने मांडलेल्या त्या सुंदर कवचांच्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही. मला माझ्या तुकड्यांमध्ये दिसतं.

ज्यांना हे प्रकरण नवं आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. ब्रॅकिओपॉड म्हणजे समुद्रतळाशी राहणारा, दोन झडपांचा, शिंपल्यासारखा दिसणारा प्राणी. साम्य दिसण्यापुरतंच, नातं फार लांबचं. ओळखायची खूण सोपी आहे. शिंपल्याच्या दोन झडपा साधारण एकमेकींचं प्रतिबिंब असतात, पण एकच झडप हातात घेतली तर ती एका अंगाला कललेली दिसते. ब्रॅकिओपॉडचं याच्या उलट. त्याच्या दोन झडपा वेगवेगळ्या, बहुधा एक मोठी आणि दुसरी लहान. पण कुठल्याही झडपेच्या मधोमध उभी रेघ मारली की डावी बाजू उजवीसारखीच. कालवांसारखे काही हट्टी शिंपले हा नियम पाळत नाहीत, पण दगडांच्या ढिगात बसल्यावर दहातले नऊ वेळा याच खुणेवर काम भागतं. मोठ्या झडपेच्या चोचीशी बऱ्याचदा एक भोक असतं. त्यातून देठासारखा अवयव बाहेर काढून हा प्राणी खडकाला धरून राहायचा आणि झडपा किंचित उघडून, आतल्या झालरीसारख्या लोफोफोरने पाणी ओढून त्यातले अन्नकण गाळून खायचा.

आजही आहेत ते. जिवंत जाती सुमारे ४००, आणि जीवाश्मांतून ओळखलेल्या जाती १२,००० हून जास्त. हे दोन आकडे शेजारी ठेवले की या घराण्याची काय दशा झाली ते कळतं. कॅम्ब्रियन काळापासून, म्हणजे ५० कोटी वर्षांहून जास्त काळ हे समुद्रात आहेत. पुराजीव महाकल्पात, म्हणजे साधारण ५४ ते २५ कोटी वर्षांपूर्वी, तळावर त्यांचंच राज्य होतं. मग सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या शेवटी, समुद्रातले बहुतेक जीव गेले त्यात यांचेही बरेचसे गट गेले. शिंपल्यांनी त्यांना हळूहळू हटवलं अशी समजूत पूर्वी होती. १९८० मध्ये गूल्ड आणि कॅलोवे या जीवाश्मशास्त्रज्ञांनी दोन्ही गटांचे आकडे काळानुसार मांडून दाखवलं की तसं हळूहळू काही झालेलं दिसत नाही. त्या एका संकटाचा फटका ब्रॅकिओपॉडना जबर बसला, शिंपल्यांना कमी.

अख्खे ब्रॅकिओपॉड इतके सापडतात यामागे कारण आहे. शिंपल्याच्या बिजागरीत ताणलेला एक लवचीक बंध असतो. प्राणी मेला, स्नायू सैल पडले की तो बंध झडपा उघडून टाकतो, मग लाटा त्या वेगळ्या करतात. ब्रॅकिओपॉडला असला बंध नाही. त्याला उघडायलाही स्नायू लागतात आणि मिटायलाही. त्यामुळे मेल्यावर कवच उघडायला जोर लावणारं काही उरत नाही, वर बिजागरीचे दात एकमेकांत अडकलेले. बरीचशी कवचं मिटलेली तशीच गाळात पुरली गेली. म्हणून मिटलेलं अख्खं कवच सापडलं की ‘वा, काय नशीब’ असं मला होत नाही. अख्खं मिळणं ही त्यांची सवयच आहे. मोडलेलं, आणि नेमक्या जागी मोडलेलं मिळणं ही खरी चैन.

माझ्याकडचा सगळ्यात लाडका नमुना अर्धा आहे. डेव्हनियन काळातला (सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा) एक स्पिरिफर, जर्मनीतल्या आयफेल भागातल्या गेरोलश्टाइनजवळचा, अदलाबदलीत आलेला. पाठवणाऱ्याने पाकिटावर ‘तुटका, हवा तर ठेव’ असं लिहून दिला होता. स्पिरिफर म्हणजे रुंद पंख पसरल्यासारखे ब्रॅकिओपॉड. बिजागरीची रेषा लांबच लांब, मधोमध एका झडपेवर खोल पन्हळ आणि समोरच्या झडपेवर तिला बरोबर बसेल असा उंचवटा. हा तुकडा पंखाच्या मुळाशी आडवा तुटलाय. आत बघितलं तर मातीच्या जागी पांढरं, स्वच्छ कॅल्साइट (चुनखडीचं स्फटिकरूप खनिज) भरलेलं, आणि त्यात बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारखं वेटोळं. बारीक कॅल्साइटच्या पट्टीचे एकाला एक लागून फेरे, मध्याकडे रुंद आणि पंखाच्या टोकाकडे निमुळते होत गेलेले. लोफोफोरला आधार देणारा तो सांगाडा. अशी वेटोळी प्रत्येक बाजूला एक. जिवंतपणी हे फेरे मऊ लोफोफोरने मढलेले होते आणि त्यांवरून पाणी वाहत होतं. दहापट भिंगाखाली फेऱ्यांमधली अंतरं मोजता येतात. अख्ख्या कवचात हे सगळं असेलही, पण ते बघायला करवत लागते.

याच तुकड्यात आणखी एक गंमत आहे. पोकळीचा तळाचा थोडासा भाग करड्या गाळाने भरलाय आणि वरचा भाग कॅल्साइटने. दोघांमधली रेषा सरळ, सपाट. म्हणजे कवच तळावर पडल्यावर थोडा गाळ आत शिरला, खाली बसला, आणि उरलेल्या पोकळीत नंतर सावकाश स्फटिक वाढले. ती सपाट रेषा त्या वेळची आडवी पातळी दाखवते. माझी भाची हा नमुना बघून विचारत होती, “मावशी, हा समुद्रात कुठल्या अंगावर पडला होता?” मी तिला तुकडा फिरवून रेषा आडवी करून दाखवली: अस्सा. तिचा विश्वास बसेना. इतक्या जुन्या गोष्टीचं उत्तर इतक्या लवकर मिळायला नको, असं तिचं म्हणणं. खडकाचे थर घड्या पडून उलटेपालटे झाले असतील तर मूळची वरची बाजू कुठली हे ठरवायला भूवैज्ञानिकही याच रेषेचा आधार घेतात.

ऱ्हिंकोनेला गटातल्या गोळमटोळ, नागमोडी काठाच्या कवचांवर मी फार वेळ घालवणार नाही, पण त्या काठाबद्दल एक सांगायलाच हवं. झडपा जिथे मिटतात ती रेषा सरळ न जाता करवतीसारखी वरखाली जाते. मार्टिन रडविक यांनी १९६४ मध्ये याचा हिशोब मांडला. फट अरुंद ठेवली तर वाळूचे मोठे कण आत येत नाहीत, पण पाणीही कमी येतं. काठ नागमोडी केला की फटीची लांबी वाढते, रुंदी तेवढीच राहते. म्हणजे पाणी जास्त, कचरा तेवढाच. रडविक पुढे जीवाश्म सोडून भूविज्ञानाच्या इतिहासाकडे वळले.

मग भाडेकरू. बऱ्याच कवचांवर दुसरेच प्राणी वाढलेले असतात: जाळीदार वसाहती करणारे ब्रायोझोआ नावाचे सूक्ष्म प्राणी, बारीक नळ्यांची वेल पसरावी तसं ऑलोपोरा नावाचं प्रवाळ, टाचणीच्या डोक्याएवढ्या वळलेल्या नळ्या. नीटस कवचं जमवणारे हे खरवडून काढतात. बघवत नाही मला. भाडेकरू झडपांच्या मिटण्याच्या रेषेपर्यंत येऊन तिथेच थांबला असेल, तर घरमालक तेव्हा बहुधा जिवंत होता आणि झडपा उघडमीट करत होता. रेषा ओलांडून बिनदिक्कत पलीकडे गेला असेल, तर मालक आधीच गेलेला. भाडेकरू एकाच झडपेवर दाटीने असतील तर ती झडप वरच्या अंगाला असण्याची शक्यता मोठी. आणि कवचाच्या वाढीच्या रेघा एका ठिकाणी अचानक आत दबून, वेड्यावाकड्या होऊन पुन्हा सरळ झाल्या असतील, तर काठ कधीतरी फुटला होता आणि प्राण्याने तो भरून काढला. अशी डागडुजी केलेली कवचं मी वेगळ्या डब्यात ठेवते.

साफसफाईत माझा हात आखडता असतो. जुना दातांचा ब्रश, पाणी, लाकडी टोकदार काडी, फारच झालं तर शिवणकामाची सुई. शेलमधले, म्हणजे चिखलाच्या थरांचा दगड होऊन बनलेल्या खडकातले, नमुने असतील तर पाण्यातही एकदम बुडवत नाही. काही शेल पाणी पिऊन फुगतात आणि नमुन्यासकट चुरा होतो. व्हिनेगरचा सल्ला बरेच जण उत्साहाने देतात. तो ऐकू नका. बहुतेक ब्रॅकिओपॉडचं कवच कॅल्साइटचं असतं, ज्या चुनखडकात ते बसलंय तोही कॅल्साइटचा, आणि आम्लाला दोघांत फरक कळत नाही. आधी नक्षी जाते, मग कवच.

अपवाद आहे, आणि फार देखणा आहे. काही ठिकाणी कवचातल्या कॅल्साइटची जागा सिलिकाने, म्हणजे गारेच्या द्रव्याने, घेतलेली असते. टेक्सासमधल्या ग्लास माउंटन्सचा पर्मियन चुनखडक त्यासाठी प्रसिद्ध. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या जी. आर्थर कूपर यांनी आणि पुढे त्यांच्या जोडीने रिचर्ड ग्रँट यांनी हा खडक टनावारी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला. खडक गेला आणि सिलिकाची कवचं खाली उरली. त्यात प्रॉडक्टिड गटातले ब्रॅकिओपॉड निघाले, ज्यांच्या अंगावर केसांसारखे लांब, पोकळ काटे शाबूत होते. आपल्याला साध्या खडकात प्रॉडक्टिड मिळतो तेव्हा काट्यांच्या जागी नुसत्या पुटकुळ्या दिसतात, कारण खडक फोडतानाच काटे त्यात अडकून राहतात. त्या पुटकुळ्या बघताना मला आता काटे दिसायला लागलेत. हे काटे मऊ गाळात प्राण्याला बुडू न देण्यासाठी, काही जातींत चिकटून राहण्यासाठी. घरी मात्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा खेळ करू नये. त्याच्या वाफा वाईट असतात.

नोंदी. कंटाळवाणा विषय, पण ज्या नमुन्याची जागा आणि थर लिहिलेला नाही तो शोभेचा दगड. नमुन्यावर एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर बारीक निबने क्रमांक, तोच क्रमांक वहीत आणि डब्यातल्या चिठ्ठीवर. थर का लिहायचा? भूवैज्ञानिक आर्थर व्हॉन यांनी १९०५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या एव्हन दरीतला कार्बोनिफेरस (डेव्हनियननंतरच्या) काळातला चुनखडक विभागला तो निव्वळ प्रवाळं आणि ब्रॅकिओपॉड यांच्या आधारे. कुठल्या पातळीवर कोण दिसतं, कोण नाहीसं होतं, हे बघत. विभागांना नावंही त्या प्राण्यांचीच दिली: झाफ्रेंटिस, सिरिंगोथायरिस, डिब्युनोफायलम. त्याच्याही आधी, १८३७ मध्ये, विल्यम लॉन्सडेल यांनी डेव्हन परगण्यातली प्रवाळं बघून सांगितलं की ही सिल्युरियन आणि कार्बोनिफेरस यांच्या मधल्या काळातली दिसतात. दोनच वर्षांनी सेजविक आणि मर्चिसन यांनी डेव्हनियन हा काळच मांडला. जागा आणि थर न लिहिलेल्या प्रवाळांच्या पेटीतून यातलं काहीच निघालं नसतं.

आणि थॉमस डेव्हिडसन. १८१७ साली एडिंबरात जन्मलेला हा माणूस नोकरी म्हणून नव्हे, आवड म्हणून ब्रॅकिओपॉडकडे वळला तो जर्मन भूवैज्ञानिक लिओपोल्ड फॉन बुख यांच्या सांगण्यावरून. ब्रिटनच्या जीवाश्म ब्रॅकिओपॉडवरचं त्याचं काम १८५१ पासून भागाभागाने छापलं जात राहिलं, १८८५ मध्ये तो गेला तरी शेवटचा भाग यायचाच होता. दोनशेहून जास्त चित्रफलक, आणि तेही त्याने स्वतः दगडावर काढलेले. ती चित्रं बघताना एक लक्षात येतं. अख्ख्या कवचाच्या शेजारी तो आतली बाजू, स्नायूंचे व्रण, तुटलेली बिजागरी हे सगळं काढतो. म्हणजे भंगार त्यालाही वर्ज्य नव्हतं.

कुठे वेचायचं याबद्दल थोडक्यात. लाव्हाच्या खडकात शोधू नका, वेळ जाईल. चुनखडक आणि शेल बघा. खाणीच्या कड्याखाली उभं राहू नका. आणि परवानगीशिवाय काही उचलू नका, कारण नियम जागोजागी निराळे. अमेरिकेत ओहायोतल्या सीझर क्रीक धरणाच्या सांडव्यात ऑर्डोव्हिशियन, म्हणजे डेव्हनियनच्याही आधीच्या काळातले ब्रॅकिओपॉड आणि शिंगाच्या आकाराची प्रवाळं वेचायला देतात, पण परवाना घ्यावा लागतो, हत्यार चालत नाही आणि तळहातात मावेल एवढंच नेता येतं. तिथून फार लांब नसलेल्या फॉल्स ऑफ द ओहायोमध्ये डेव्हनियन प्रवाळांची अख्खी फरशी उघडी पडलीय आणि तिथे एक खडाही उचलायचा नाही. मला सीझर क्रीकचा नियम आवडतो. हातोडा नसला की माणूस डोळे वापरतो.

आता प्रवाळं. पुराजीव महाकल्पातली प्रवाळं आजच्या प्रवाळांची थेट पूर्वज नव्हेत. दोन मोठे गट, रुगोजा आणि टॅब्युलाटा, दोन्ही पर्मियनच्या अखेरीपर्यंत संपले. आजचा गट त्यानंतरच्या ट्रायासिक काळाच्या मध्यात दिसायला लागतो. फरक आडव्या छेदात कळतो: आजच्यांत उभे पडदे सहाच्या पटीत येतात, रुगोजांत चार कप्प्यांमध्ये वाढत जातात. टॅब्युलाटांत उभे पडदे नसल्यासारखेच, पण नळीत एकावर एक आडवे तक्ते. फॅव्होसायटिसच्या षटकोनी नळ्या उभ्या चिरल्या की ते तक्ते शिडीसारखे दिसतात आणि भिंतींमध्ये शेजारच्या नळीत उघडणारी भोकं सापडतात.

इथेही घासलेला नमुनाच बरा. नदीने एका बाजूने झिजवलेलं शिंगप्रवाळ म्हणजे फुकटात मिळालेला छेद. नदीने काम अर्धवट सोडलं असेल तर मी पुरं करते: काचेच्या तुकड्यावर पाण्याचा कागद (ओल्याने घासायचा पॉलिश पेपर), आधी २२० नंबरचा, मग ४००, ८००, १२००, आणि सतत पाणी. कोरडं घासलं तर धूळ छातीत जाते. बाराशेच्या कागदावर मिनिटभर झालं की करड्या दगडातून पडदे एकेक करून वर येतात. ओला असताना बघायचा; वाळला की निम्मं दिसेनासं होतं.

वाकडी शिंगं मी कधीच टाकत नाही. एकेकटं वाढणारं रुगोज प्रवाळ गाळावर कलंडलं तर मरायचंच असं नाही; त्याचं तोंड पुन्हा वरच्या दिशेने वळून वाढत राहायचं. त्यामुळे शिंगाला बाक येतो. माझ्याकडे एक दोनदा वळलेलं आहे, दोन्ही वळणं निराळ्या दिशांना. म्हणजे दोनदा कलंडलं आणि दोनदा सावरलं. पहिल्या वळणाशी त्याची जाडीही एकदम आवळली आहे, नंतर पुन्हा रुंदावली आहे.

कॅल्सिओला हा प्रकार तर दोन्ही छंदांच्या बरोबर मध्ये बसतो. सपाट तळाचं, पायातल्या सपातेच्या आकाराचं कवच आणि त्यावर अर्धगोल झाकण. दोन भाग, मधे बिजागरीसारखी सरळ कड. बराच काळ विद्वानांनी याला ब्रॅकिओपॉडच मानलं. निघालं रुगोज प्रवाळ, झाकण असलेलं. झाकण सुटं सापडतं तेव्हा ते खरोखर झडपेसारखंच दिसतं.

फक्त एका बाबतीत भंगार कामाचं नाही. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी डेव्हनियन प्रवाळांच्या बाहेरच्या आवरणावरच्या बारीक रेघा मोजल्या. रोजची एक रेघ आणि वर्षाचा एक पट्टा धरला, तर वर्षाला सुमारे ४०० रेघा भरत होत्या. वर्षाची लांबी तेवढीच, म्हणजे दिवस लहान होता, साधारण २२ तासांचा. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावत चालली आहे, हे खगोलशास्त्रज्ञ आधीच सांगत होते. त्यांचा हिशोब आणि प्रवाळाचा हिशोब जुळला. पण ही मोजणी करायला बाहेरचं आवरण जराही न झिजलेलं हवं. नदीतलं शिंग इथे बाद. शेवटी मला भंगारवाली म्हणणाऱ्याच्याच कपाटातलं हेलिओफायलम नावाचं एक शिंगप्रवाळ महिन्यासाठी मागून आणावं लागलं. त्याने दिलं, वर चार उपदेशही दिले.

टेबलावरचा दिवा जवळजवळ आडवा लावला की रेघा सावल्यांसकट उठून दिसतात. एका आवळलेल्या पट्ट्यापासून पुढच्या पट्ट्यापर्यंत मोजायचं. भाची मोजते तेव्हा एक आकडा येतो, मी मोजते तेव्हा दुसरा, कारण पट्टा नेमका कुठून धरायचा यावरच आमचं एकमत नाही. वेल्सचे आकडेही ३८५ ते ४१० असे पसरलेले होते, हे मी तिला सांगितलं, पण तिला तिचाच बरोबर वाटतो. आता तिरक्या उजेडात फोटो काढून, मोठा छापून, दर दहाव्या रेघेवर पेन्सिलने टिंब देत मोजायचं ठरलंय. नमुना परत करायला अजून आठवडा आहे.